नायक सोळा वर्षांचा, खेळणारे तुम्ही त्रेचाळीसचे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी ४३ वर्षांचा, राहायला ठाण्यात, मुलगी नववीत. ऑफिसवरून आलो की रात्री तासभर गेम खेळतो. एवढ्यात 'लाइफ इज स्ट्रेंज' आणि 'पर्सोना ५' संपवले. दोन्हीकडे नायक शाळकरी. अर्धा वेळ मला त्या पोरांच्या वागण्याची चीड येते, आणि आईवडिलांचं, शिक्षकांचंच पटतं. तरीही 'लाइफ इज स्ट्रेंज'मध्ये केटला वाचवता आलं नाही तेव्हा रात्री दीड वाजता हॉलमध्ये बसून रडलो. तिचा फोन आला होता, मी उचलला नव्हता. बायको म्हणाली, या वयात हे काय? मलाही कळत नाही. या पोरांशी माझं काय नातं? आणि हे मुलीबरोबर खेळावं का?"

आधी रडण्याबद्दल लिहिते, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात. मी किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्याबरोबर समुपदेशनाचं काम करते. गेम खेळते आणि कामात वापरतेही. तुमच्यासारखा अनुभव सांगणारे पालक मला नेहमी भेटतात, आणि बहुतेक जण तो आवाज खाली करून सांगतात. तशी काही गरज नाही. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेच्या पाहण्या बघा, खेळणाऱ्यांचं सरासरी वय कित्येक वर्षांपासून तिशीच्या पुढेच आहे. या वयात खेळणारे तुम्ही एकटे अजिबात नाही. (खाली या गेमांची कथानकं उघड होणार आहेत. ज्यांना खेळायचे आहेत त्यांनी इथे थांबलेलं बरं.)

'लाइफ इज स्ट्रेंज' हा पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओचा गेम, २०१५ मध्ये पाच भागांत आलेला. ऑरेगनमधलं आर्केडिया बे नावाचं काल्पनिक गाव, आणि तिथे फोटोग्राफी शिकणारी १८ वर्षांची मॅक्स कॉलफिल्ड. तिला काळ थोडा मागे फिरवता येतो. केट मार्श तिच्याच वसतिगृहात राहणारी शांत, धार्मिक मुलगी. एका पार्टीतला केटचा व्हिडिओ पसरतो आणि सगळी शाळा तिच्यावर हसायला लागते. दुसऱ्या भागाच्या शेवटी केट छतावर जाते. मॅक्स काळ थांबवून धापा टाकत वर पोहोचते, आणि नेमकी तिथे तिची शक्ती संपते. आता मागे फिरणं नाही. फक्त बोलणं.

बोलताना कामी काय येतं ते पाहा. केटच्या खोलीबाहेरच्या पाटीवर कुणीतरी घाण लिहून ठेवलं होतं, ते तुम्ही जाताजाता पुसलं होतं का? सुरक्षारक्षक तिला दरडावत होता तेव्हा मध्ये पडलात, की लांबून फोटो काढलात? तिच्या खोलीत गेलात तेव्हा घरच्यांच्या खुणा नीट पाहिल्यात का? कारण छतावर बहिणींची आठवण काढली तर ती ऐकते, आणि आईचं नाव काढलं तर आणखी दूर जाते. आणि तो फोन. डायनरमध्ये मॅक्स तिची जुनी मैत्रीण क्लोई हिच्याशी बोलत बसलेली असते तेव्हा केटचा फोन येतो. उचलला तर क्लोई नाराज होणार. त्या क्षणी तो फोन किती किरकोळ वाटतो!

सतरा वर्षांची मुलगी हा प्रसंग खेळते तेव्हा ती एक मैत्रीण गमावते. तुमच्या बाबतीत त्यात आणखी काही मिसळलं असणार. मीटिंगमध्ये असताना घरून आलेला फोन, 'नंतर करतो' म्हणून खाली ठेवलेला, हे तुम्ही वर्षानुवर्षं केलेलं आहे. सगळेच करतात, करावंच लागतं, आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण कधीतरी बिघडतं, हे ४३ व्या वर्षापर्यंत आपण कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. सतरा वर्षांच्या मुलीने ते बहुधा पाहिलेलं नसतं. त्यामुळे तुमचं रडणं तिच्यापेक्षा कमी खरं तर नाहीच, पण ते वेगळ्या जागेवरून आलेलं आहे.

मला तर असं वाटतं की काळ मागे फिरवण्याची ती शक्ती मुळात आपल्या वयाची इच्छा आहे. मागे जाऊन दुरुस्त करण्याची ओढ अठराव्या वर्षी कशाला असेल? मागे पडलेलं असं असतंच किती? आजची अक्कल घेऊन तेव्हाच्या दिवसात जाता आलं असतं तर, हा चाळिशीतला विचार आहे. गेम तो मॅक्सच्या हातात देतो आणि मग एकेक करून त्याची किंमत दाखवतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती २००८ मध्ये जाते. क्लोईचे वडील विल्यम त्या दिवशी गाडी घेऊन बाहेर पडतात आणि अपघातात जातात, हे तिला माहीत आहे. ती किल्ल्या लपवते. विल्यम बसने जातात, वाचतात. ती वर्तमानात परतते तर क्लोई व्हीलचेअरवर आहे, मानेखाली शरीर हलत नाही. ज्याने आयुष्यात एखादा 'जर' वर्षानुवर्षं जपून ठेवलाय, त्याला हा प्रसंग अठराव्या वर्षी जसा लागेल त्याहून फार खोल लागतो.

म्हणून नात्याबद्दल माझं उत्तर असं आहे. हे गेम खेळताना तुम्ही पुन्हा सोळा वर्षांचे होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. तुम्ही एकाच वेळी दोन जागी बसलेले असता. हातातला कंट्रोलर पोराचा आहे, डोक्यातला अनुभव बापाचा. तुम्हाला जी चीड आली आणि जे रडू आलं, ती दोन्ही या दुहेरी बसण्यातूनच आली. चीड आली म्हणजे नातं जुळलं नाही असं समजू नका.

ते वय आपल्यापासून तुटत का नाही, यालाही कारण आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. स्मृतीवर काम करणाऱ्या संशोधकांना हे पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्याच काळात घडतात, आणि 'मी कोण' हे ठरवण्याची धडपडही तेव्हाचीच. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने किशोरवयाचं मुख्य काम हेच मानलं होतं. पालकांच्या बैठकीत मी कधीकधी विचारते, नववीत तुमच्या बाकावर शेजारी कोण बसायचं? नाव लगेच येतं, आडनावासकट. बरेच जण त्याच्या घराचा जिनासुद्धा सांगतात. मग विचारते, मागच्या वर्षी याच महिन्यात ऑफिसात काय चाललं होतं? तिथे खोली शांत होते. तेव्हा सोळा वर्षांचा नायक पडद्यावर आला की तुमच्याकडे त्याला द्यायला भरपूर असतं. खुद्द सोळा वर्षांच्या मुलाकडे ते नसतं, कारण तो अजून त्यातच आहे.

आता चिडीबद्दल. तुम्ही उदाहरण दिलेलं नाही, पण एक प्रसंग असा आहे जो जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला डाचतो. 'लाइफ इज स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागातलं भंगारचं आवार. क्लोईने सावत्र वडिलांची बंदूक आणलेली आहे आणि तिला नेमबाजी करायची आहे, म्हणून मॅक्सने, म्हणजे तुम्ही, त्या सगळ्या गंजक्या गाड्यांमधून पाच रिकाम्या बाटल्या शोधून आणायच्या. चाळिशीतला माणूस तिथे फिरताना मनात म्हणत असतो, मी हे का करतोय? ही पोरगी बंदूक घेऊन उभी आहे, हिला घरी पाठवायला हवं! पण गेममध्ये तो पर्याय नाही. बाटल्या आणायच्या, कारण मैत्रीण म्हणतेय.

हा प्रसंग रेंगाळतो, कंटाळवाणा आहे, हे मान्य. पण माणसाच्या स्वभावाबद्दल तो खरं बोलतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातही गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेमच होता. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे रेटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटं असताना पोरं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक पडला नाही. मित्र शेजारी बसले की तेरा ते सोळा वयाची पोरं कितीतरी जास्त धोका पत्करायची. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम दिसला नाही. तुम्ही रात्री एकटे, शांतपणे, सोफ्यावर बसून मॅक्सचे निर्णय तपासत होता. मॅक्स तिथे एकटी नव्हती, क्लोई शेजारी होती. 'एवढं साधं कळत नाही का हिला' असं वाटतं ते या फरकामुळे. कळतं तिला. फक्त मैत्रिणीसमोर कळलेलं वळवणं तिला जमत नाही.

पोरं स्वतःला उगाच मोठं समजतात, सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वागतात, असंही तुम्हाला वाटलं असेल. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये याचं वर्णन केलं: किशोर मनात एक कल्पित प्रेक्षकवर्ग घेऊन फिरतो. पुटकुळी आली तर सगळ्या बसला दिसली. तेव्हा प्रेक्षक कल्पित होते. केटच्या बाबतीत ते खरे आहेत, मोबाईल घेऊन उभे आहेत, आणि ती छताच्या कडेला असतानाही खालचे काही जण चित्रीकरण करताहेत. आपल्या नववीत आपली फजिती पाहायला वर्गातली पन्नास-साठ मुलं असायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती विसरायची. हल्लीच्या मुलांना विसरलं जाण्याची ती सोय राहिलेली नाही. याबाबतीत आपला अनुभव अपुरा आहे, आणि गेम तो थोडासा भरून काढतो, असं मला मनापासून वाटतं.

संवादांबद्दल तुमची तक्रार असेल तर ती मात्र बरोबर आहे. मॅक्स आणि क्लोई जे बोलतात ते कुठलीच मुलं तेव्हा बोलत नव्हती, अशी टीका गेम आला तेव्हाही झाली. फ्रान्समधल्या मोठ्या माणसांनी रचलेल्या अमेरिकेतल्या मुली आहेत त्या. आणि हे एकाच गेमपुरतं नाही. गेममधला किशोर जवळपास नेहमी तिशी-चाळिशीतल्या माणसांनी लिहिलेला असतो. म्हणजे तो त्यांच्या आठवणीतला किशोर असतो, थोडा जास्त शहाणा, थोडा जास्त हळवा. तुमच्या मुलीला तो खोटा वाटेल आणि तुम्हाला ओळखीचा, हे अगदी शक्य आहे.

मग नायक इतक्या वेळा याच वयाचे का? काही कारणं साधी, कारागिरीची आहेत. खेळणारा नवखा असतो, त्याला जग समजावून सांगावं लागतं, आणि शिकणारा नायक असला की ते सहज होतं. 'फायनल फँटसी टेन'चा १७ वर्षांचा टायडस स्पायराच्या जगात परकाच येऊन पडतो, म्हणून त्याला जे सांगितलं जातं ते आपल्यालाही कळतं. शिवाय या वयाच्या मुलाला घरभाडं, हप्ते, आजारी आईवडील असं काही मागे नसतं, तो कधीही तलवार घेऊन निघू शकतो. आपल्याच वयाचा नायक हवा असेल तर 'याकुझा: लाइक अ ड्रॅगन' खेळून पाहा. इचिबान कासुगा ४२ वर्षांचा आहे, १८ वर्षं तुरुंगात काढून आलेला, सोबतीला नोकरी गेलेला पोलीस आणि बेघर झालेला परिचारक. गंमत अशी की तो मनाने 'ड्रॅगन क्वेस्ट' खेळणारा मुलगाच राहिलेला आहे.

पण कारागिरीपलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या वयात परिणाम सगळे भोगावे लागतात आणि ठरवायचा अधिकार जवळपास नसतो. 'पर्सोना ५'ची सुरुवात आठवा. एक दारूडा माणूस रस्त्यात एका बाईला त्रास देतोय, मुलगा मध्ये पडतो, आणि उलट त्याच्यावरच मारहाणीचा गुन्हा लागतो. शाळा काढून टाकते, एक वर्ष देखरेखीखाली टोकियोत राहायचं. कॅफेच्या वरच्या माळ्यावर, अडगळीत. धूळ तुम्हीच झाडायची. नव्या शाळेत पोहोचण्याआधी अफवा पोहोचलेली. त्या शाळेत कामोशिदा नावाचा व्यायामशिक्षक आहे, ऑलिंपिक पदकविजेता, मुलांना मारतो आणि मुलींना त्याहून वाईट वागवतो. मुख्याध्यापकांना माहीत आहे, काही पालकांनाही अंदाज आहे, आणि शाळेचं नाव होतंय म्हणून सगळे गप्प.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मोठ्यांचं पटतं. या शाळेतल्या मोठ्यांचं पटलं का? मला नाही वाटत. तिथे तुम्ही पोरांच्या बाजूने उभे राहिलात, आणि त्यासाठी तुम्हाला सोळाव्या वर्षात जावं लागलं नाही. वरिष्ठ चुकतोय हे दिसत असूनही खाली मान घालून बसायची वेळ नोकरी करणाऱ्या कुणाला आलेली नसते? अधिकार नसण्याचा अनुभव वयाबरोबर संपत नाही, फक्त आपण त्याला मोठ्यांची नावं देतो. किशोर नायकाशी मोठ्या माणसाचं सगळ्यात घट्ट नातं मला इथे दिसतं.

याच गेममध्ये मॉर्गाना नावाचं मांजर आहे. संध्याकाळी तुम्हाला अभ्यास करायचाय, कॉफी करायला शिकायचंय, कुणाला भेटायचंय, आणि मॉर्गाना म्हणतं, आज दमलायस, झोप. झालं, दिवस गेला. यावर जगभरचे खेळाडू वैतागलेले आहेत. एक आई मला म्हणाल्या, दिवसभर घर आणि नोकरी सांभाळून मी रात्री दहाला खेळायला बसते आणि हे मांजर मला झोपायला पाठवतं, मला इतका राग येतो! मी त्यांना विचारलं, तुमच्या मुलाला रोज कोण झोपायला पाठवतं? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मुलाने लवकर झोपावं हे बरोबरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दुसऱ्याने संध्याकाळ काढून घेतल्यावर छातीत काय होतं, ते त्यांना तीस वर्षांनी पुन्हा कळलं होतं.

आता दुसरी जागा, मोठ्यांची. कॅफेवाले सोजिरो साकुरा पहिल्या दिवशी तुम्हाला घालूनपाडून बोलतात, काही लफडं केलंस तर बाहेर काढीन म्हणतात. सतरा वर्षांचा खेळाडू त्यांना खडूस ठरवून मोकळा होतो. तुम्हाला पुढचं आधीच दिसतं: गुन्ह्याची नोंद असलेलं परकं पोर घरात घ्यायला आणखी कुणी तयार झालं होतं का? 'पर्सोना ४' खेळला नसाल तर तुमच्या वयाच्या माणसाने तो खेळावाच. त्यातले दोजिमामामा पोलिसात आहेत, पत्नी अपघातात गेलेली, त्यांची लहानगी मुलगी नानाको संध्याकाळी टीव्हीसमोर एकटी, बाबांची वाट पाहणारी. सुट्टीत बाहेर जाऊ म्हणून शब्द दिलेला असतो आणि ऐनवेळी कामाचा फोन येतो. तुम्ही त्या घरात भाचा म्हणून राहत असता, पण डोळे वारंवार दोजिमांकडे जातात. मी या गेमबद्दल कॉलेजात असलेल्या मुलांशीही बोलले आहे. ते त्यांच्यावर रागावतात. चाळिशीतले रागावत नाहीत. ते गप्प होतात.

एका बाबतीत तुमच्या मोठेपणाचं पूर्णपणे ऐका. 'पर्सोना ५'मध्ये या शाळकरी मुलाचं त्याच्या वर्गशिक्षिका कावाकामी यांच्याशी आणि डॉक्टर ताकेमी यांच्याशी प्रेमप्रकरण जुळवता येतं. कावाकामींची मूळ गोष्ट फार चांगली आहे: एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचं ओझं, त्याच्या पालकांकडून होणारी पैशांची पिळवणूक, म्हणून रात्रीचं दुसरं काम. शिक्षकी पेशातल्या कुणालाही ती लागेल. तिचा शेवट तिथे नेण्याची सोय ठेवणं मला चुकीचं वाटतं, आणि कामोशिदाच्या कथेनंतर तर अधिकच. एवढ्या मोठ्या गेमने इतक्या तळमळीने जे सांगितलं, तेच इथे मोडतं. तुम्हाला तिथे अस्वस्थ वाटलं असेल तर ती अस्वस्थता बाजूला सारू नका.

दोन जागांचा हा खेळ जाणूनबुजून रचलेला पाहायचा असेल तर नॉटी डॉगचा २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस'. बहुतेक वेळ तुम्ही जोएल असता, मुलगी गमावलेला बाप, आणि १४ वर्षांच्या एलीला सांभाळत देश ओलांडत असता. वाटेत एक ठरलेली कृती आहे: भिंत आडवी आली की जोएल ओंजळीचा आधार देतो, एली वर चढते, शिडी खाली सोडते. हे इतक्यांदा होतं की हात आपोआप बटणावर जातो. मग हिवाळ्याच्या प्रकरणात जोएल जखमी पडतो आणि कंट्रोलर एलीचा होतो. जिला सांभाळत होतात तीच तुम्ही. अंगात ताकद कमी, हातात धनुष्य, आणि तिच्यावर जे गुदरतं ते तुम्हाला आतून सोसावं लागतं. वसंतात पुन्हा जोएल. भिंत येते, तुम्ही सवयीने ओंजळ पुढे करता, आणि एली येत नाही. मागे बाकावर बसून राहिली आहे, कुठेतरी बघत. हाक मारावी लागते. दहावीच्या वर्षात मूल अचानक गप्प झालंय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना नेमकं हेच सांगायचं असतं, शब्द मात्र सापडत नसतात: आम्ही रोजच्यासारखं केलं, आणि ती आलीच नाही. शिव्या, रक्तपात सगळं आहे त्यात, मुलीबरोबर खेळायचा हा गेम नव्हे. तुम्ही एकट्याने खेळा.

आता शेवटचा प्रश्न, मुलीबरोबर खेळावं का. खेळावं, पण तुम्ही संपवलेल्या दोन्ही गेमांपासून सुरुवात करू नका. दोन्हीवर मोठ्यांसाठीचा शिक्का आहे आणि तो उगाच नाही. नववीतल्या मुलीला छतावरचा प्रसंग नीट तयारी न करता दाखवू नये. तिने तो आधीच कुठे पाहिला असेल, किंवा तिच्या ओळखीत असं काही घडलं असेल, तर गेम बाजूला ठेवून आधी त्याबद्दल बोला. गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. तो पालकांसाठीही आहे.

माझी पसंती 'ऑक्सनफ्री'ला. नाइट स्कूल स्टुडिओचा, २०१६ चा, चार-पाच तासांत संपणारा. अॅलेक्स ही शाळेच्या शेवटच्या टप्प्यातली मुलगी मित्रांबरोबर एका ओसाड बेटावर रात्र काढायला येते. तिचा भाऊ मायकेल वारलेला आहे, आणि आईच्या दुसऱ्या लग्नामुळे झालेला सावत्र भाऊ जोनस तिला पहिल्यांदाच भेटतोय. मुलं बिअर पितात, शिव्या देतात, भुताखेताचा भागही आहे, हे आधी माहीत असू द्या. पण त्याची खरी ताकद बोलण्यात आहे. अॅलेक्सच्या डोक्यावर उत्तरांचे फुगे येतात आणि काही क्षणांत विरून जातात. वेळेत निवडलं नाही तर ती गप्प राहिली असं धरलं जातं, आणि बाकीचे बोलत पुढे निघतात.

एक वडील आणि त्यांचा दहावीतला मुलगा माझ्या खोलीत हा गेम खेळत होते. तक्रार अशी होती की मुलगा घरी बोलतच नाही. कंट्रोलर वडिलांकडे होता. ते शिस्तीने तिन्ही पर्याय वाचायचे, विचार करायचे, तोवर फुगे गेलेले असायचे. असं तीन-चारदा झालं. मग ते त्रासून म्हणाले, अरे, जरा वेळ तरी द्या! मुलगा पडद्याकडेच बघत म्हणाला, "बाबा, जेवताना माझं हेच होतं. तुम्ही विचारता, मी काय सांगायचं ते ठरवत असतो, तेवढ्यात तुम्ही आईशी पुढचं बोलायला लागता." मी मध्ये काही बोलले नाही. वडिलांनीही सारवासारव केली नाही. त्यांनी कंट्रोलर मुलाकडे दिला आणि म्हणाले, आता तू खेळ, मी बघतो तू किती वेळात ठरवतोस.

त्यांनी केलं तेच तुम्हीही करा. पहिल्यांदा कंट्रोलर तुमच्याकडे असू द्या, म्हणजे चुकायची पाळी तुमच्यावर येईल आणि मुलीला शेजारी बसून सांगायला मिळेल. नंतर तिच्याकडे द्या. ती तुमच्यापेक्षा वेगळं निवडेल, जोनसशी तुसडेपणाने वागेल किंवा नको तिथे गप्प बसेल, तेव्हा 'असं का केलंस' हा प्रश्न त्या वेळी विचारू नका. गेम संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, अॅलेक्सबद्दल विचारा. मुलं स्वतःबद्दल जे सांगत नाहीत ते गेममधल्या मुलीबद्दल सहज सांगतात. तुम्ही ऐकताय ते अॅलेक्सबद्दलच आहे असं धरून चाला, लगेच तिच्यावर नेऊ नका. ती स्वतः वळली तर वळेल.

तिला गेमचा कंटाळा असेल तर 'वेन्बा' पाहा. २०२३ चा, टोरांटोच्या एका छोट्या स्टुडिओचा, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. इथे बहुतेक वेळ तुम्ही आई असता. इडली, बिर्याणी करता, आणि मुलगा हळूहळू त्या घरापासून, त्या भाषेपासून लांब जाताना पाहता. तासा-दीड तासात संपतो. नायक मोठा आणि पोर समोर, अशी उलटी मांडणी असल्यामुळे मी तो मुलांना पालकांबरोबर खेळायला देते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचे आईवडील तर तो पाहून मला लांबलचक निरोप पाठवतात.

आणि बायकोला केटचा प्रसंग स्वतः खेळायला द्या. तिला आधी काही सांगू नका, फक्त डायनरपासून सुरू करून द्या आणि शेजारी बसा.